गुरांची शरीररचना : पुस्तकांतून व चित्रफितींतून

बिलोली, देगलूर, कंधार या बाजूच्या शेतकऱ्यास बैल कसा पारखावा हें निराळें शिकवावें लागत नाहीं. लाल कंधारी गोऱ्हा आदत आहे कीं दुसा, हें तो ओठ उचलून क्षणांत सांगतो. परंतु ज्या कातड्यावरून आपण नित्य हात फिरवितों त्याच्या आंत कोणता अवयव कोठें आहे, असें विचारल्यास जाणतेहि अडखळतात. तें जाणण्याचीं साधनें आतां घरबसल्या मिळतात. तीं कशीं वापरावींत इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रारंभ स्वतःच्या देहापासून करावा. मुलांच्या शाळेच्या पुस्तकांतील मनुष्याचा सांगाडा बैलाच्या सांगाड्याशेजारी ठेवून पाहावा. बैलाच्या पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतों तें वस्तुतः मनगट होय. मागच्या पायाचें मागें आलेलें टोक ही टाच होय. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. म्हणजे बैल जन्मभर दोन बोटांच्या टोकांवर उभा राहून ओझें ओढतो! मनुष्यास बरगड्यांच्या १२ जोड्या, गाईस १३. दांत मात्र दोघांसहि ३२च.

या विद्येचे ग्रंथ जुने आहेत. वेसालियसचा मनुष्यदेहावरील ग्रंथ १५४३ सालीं व रुईनीचा घोड्यावरील १५९८ सालीं छापला गेला. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आपल्या बाजूस आतां परभणी व उदगीर येथें तशीं महाविद्यालयें आहेत.

शेतकऱ्याच्या खऱ्या कामाचें प्रकरण म्हणजे पोट. गाईच्या पोटाचे चार कप्पे असून पहिलें कोठीपोट सर्वांत मोठें. तें डाव्या अंगास असतें. डाव्या भकाळींत मूठ दाबून धरिली असतां दोन मिनिटांत दोन-तीन वेळां तें हालल्याचें हातास कळतें. ओला लसूणघास अधाशीपणानें खाल्ल्यावर त्यांत वायु कोंडतो व डावी भकाळी फुगून येते. छातीवर दाब पडून श्वास कोंडतो आणि जनावर कांहीं तासांतच दगावूं शकतें. वायु मोकळा असेल तर पशुवैद्य डाव्या भकाळींतून नळी घालून तो काढतात. फेंस झाला असेल तर नळीनेंहि सुटत नाहीं, फेंस मोडणारें औषध द्यावें लागतें. म्हणूनच पाहिलेल्या चित्राच्या भरंवशावर स्वतः सुरी चालविणें हा अविचार होय.

औषध पाजतांनाहि हेंच ज्ञान उपयोगी पडतें. श्वासनलिका व अन्ननलिका घशापासूनच शेजारीं शेजारीं असतात. मान फार उंच ओढून घाईनें ओतलेलें औषध फुप्फुसांत शिरतें.

पुस्तक व चित्रफीत यांत श्रेष्ठ कोण, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. अवयवाचें ठिकाण पुस्तकांत निवांत पाहतां येतें. रवंथाचा घास वर कसा येतो, हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात, हें हालतें चित्रच दाखवितें. मात्र मोबाइलवरील कांहीं चित्रफिती आरशांतल्याप्रमाणें उलट्या असतात व डावें उजवें होतें. कोठीपोट उजव्या अंगास दिसलें तर ती चित्रफीत उलटी समजावी. शिवाय शरीररचना दाखवितां दाखवितां मध्येंच औषधें विकणारेहि पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगणें अवश्य आहे. शिकण्याच्या हौसेनें मेलेलें जनावर फाडूं नये. एकाएकीं मेलेल्या जनावराच्या नाकांतून वा गुदद्वारांतून काळें, न गोठणारें रक्त येत असेल तर काळपुळीची शंका घ्यावी. शव फाडल्यास हवा लागून त्या जंतूंचीं बीजें तयार होतात, व तीं मातींत वर्षानुवर्षें टिकतात; तो रोग मनुष्यासहि होतो. अशा शवाचें कातडें न काढतां, त्यास हात न लावतां, पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें आणि तोंपर्यंत कुत्रीं व इतर गुरें त्या जागेपासून दूर ठेवावींत.