मोटर का जळते? रॉक क्रॉलरमधील बिघाडाचा शोध

रेडिओ नियंत्रणावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी रॉक क्रॉलर हा प्रकार खडकांवरून संथपणे आणि नेटाने चढण्यासाठी बनवलेला असतो. साधारणपणे खऱ्या वाहनाच्या एकदशांश आकाराची ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश पुढे सरकते, चारही चाकांना जोर पुरवते आणि एखादे चाक हवेत लटकले तरी उरलेल्या चाकांच्या पकडीवर चढण पार करते. या कामात मोटर आणि दातचक्रे सतत ताणाखाली राहतात, त्यामुळे बिघाडही बहुधा याच भागांत उद्भवतो. गाडी थांबली, मोटरला जळका वास आला, की नवी मोटर बसवून मोकळे होण्याकडे बहुतेकांचा कल असतो; परंतु जळलेली मोटर हे अनेकदा केवळ लक्षण असते, मूळ दोष तिच्या पुढच्या यंत्रणेत कुठेतरी तसाच राहतो आणि काही दिवसांत नव्या मोटरचाही बळी घेतो. म्हणून सुटे भाग बदलण्याआधी दोषाची जागा क्रमाने निश्चित करणे हाच दुरुस्तीचा खरा गाभा होय.

बॅटरीपासून चाकापर्यंत

हा क्रम समजण्यासाठी शक्तीचा मार्ग ध्यानात घ्यावा लागतो. बॅटरीतील वीज प्रथम ईएससी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रकाकडे जाते आणि तो चालकाच्या रिमोटवरील इशाऱ्यानुसार ती मोटरला मोजून देतो. मोटरच्या शाफ्टवर पिनियन हे लहान दातचक्र बसवलेले असते, ते स्पर गिअर या मोठ्या दातचक्राला फिरवते, आणि स्पर गिअरला लागून अनेक गाड्यांत स्लिपर क्लच असतो. स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना चिकटलेल्या त्याच्या चकत्या ठरावीक मर्यादेपलीकडे ताण गेला की घसरतात आणि पुढचे दात तुटण्यापासून वाचवतात. तेथून जोर गिअरबॉक्समध्ये, मग पुढच्या आणि मागच्या ड्राइव्ह शाफ्टमधून एक्सलमधील क्राउन-पिनियन या दातचक्रांच्या जोडीकडे जातो, आणि अखेरीस एक्सलच्या टोकावरील आडव्या पिनेने अडकवलेल्या षट्कोनी हबमधून चाकाला मिळतो.

रस्त्यावरच्या मोटारीत वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल असतो, परंतु क्रॉलरमध्ये दोन्ही चाके बहुधा एकत्र जखडलेली असतात. ट्रॅक्सस कंपनीच्या २०१७ मधील टीआरएक्स-४ या गाडीत डिफरन्शियल रिमोटवरून जखडण्याची आणि मोकळा करण्याची सोय देण्यात आली; शिवाय तिच्या प्रत्येक चाकाजवळ पोर्टल एक्सल म्हणजे एक्सलची उंची वाढवणारी दातचक्रांची आणखी एक जोडी आहे. अशी सोय जितकी वाढते, तितक्या तपासायच्या जागाही वाढतात.

पहिली चाचणी: मार्गाचे दोन भाग

शोधाची सुरुवात या मार्गाचे दोन भाग करण्यापासून करावी. बॅटरी काढून मोटरचे स्क्रू सैल करावेत आणि पिनियनचे दात स्पर गिअरपासून दूर सरकवावेत. आता गाडी हाताने जमिनीवर ढकलली असता ती सहज, एकसारख्या आवाजात घरंगळली पाहिजे. ती अडखळत असेल किंवा एखाद्या ठिकाणी घट्ट होत असेल, तर दोष दातचक्रांच्या आणि बेअरिंगच्या बाजूला आहे. त्यानंतर बॅटरी जोडून मोकळी मोटर मंद गतीने फिरवून पाहावी. ती गुळगुळीत फिरत असेल तर वीज, ईएससी आणि मोटर हे तिन्ही घटक प्रथमदर्शनी ठीक आहेत असे मानता येते. ती थरथरत असेल किंवा फिरतच नसेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचे कारण नाही. काही मिनिटांची ही चाचणी पुढचे बरेच निष्कारण खोलणे-जोडणे वाचवते.

मोटर फिरते, चाके थांबतात

मोटर फिरत असूनही गाडी हलत नसेल, तर मार्गातील एखादा जोड घसरतो आहे हे निश्चित. पिनियन शाफ्टवर ग्रब स्क्रू या बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने धरलेले असते आणि तो शाफ्टच्या सपाट केलेल्या बाजूवरच टेकला पाहिजे. तो गोल भागावर टेकला तर कितीही आवळला तरी ताण येताच निसटतो. हे डोळ्यांनी पडताळण्याचा सोपा उपाय म्हणजे पर्मनंट मार्करने शाफ्टच्या टोकावरून पिनियनवर एक सलग रेघ ओढणे, तशीच रेघ स्पर गिअर आणि क्लचच्या चकतीवर, तसेच एक्सलच्या टोकावर आणि चाकावर ओढणे, आणि गाडी एखाद्या दगडाला अडवून क्षणभर जोर देणे. जिथे रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील, तिथे घसरण आहे. क्लचवर रेघ तुटली तर त्याचा नट थोडा आवळावा, मात्र पूर्ण घट्ट करू नये, कारण मग तो संरक्षण देत नाही. चाकाजवळ रेघ तुटली तर हबमागची पिन पडली आहे किंवा हबचे प्लॅस्टिक झिजले आहे असे समजावे.

पुढची किंवा मागची चाके जोडीनेच निकामी झाली असतील तर त्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचा स्क्रू आधी पाहावा. ताण येताच एक्सलमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर क्राउन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवरून उडी मारत आहेत. त्यांच्यातील जास्तीचे अंतर बेअरिंगजवळ पातळ वॉशर घालून कमी करता येते, परंतु दात आधीच गोलाकार झाले असतील तर जोडीच बदलावी लागते. गाडी चालताना एका लयीत थरथरत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या दोन टोकांवरील सांध्यांचे काटे एकाच पातळीत आहेत का ते पाहावे, कारण ते एकमेकांशी काटकोनात बसवले गेले असतील तर प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा कमी-जास्त होते आणि बेअरिंग लवकर झिजतात. धातूत बसणाऱ्या स्क्रूला निळे थ्रेडलॉक म्हणजे आटे धरून ठेवणारे द्रव लावावे; काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होत असल्याने प्लॅस्टिकच्या भागांवर ते लावू नये.

पिनियन आणि स्पर यांच्या दातांतील अंतरही तितकेच महत्त्वाचे आहे. दोघांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी ठेवून मोटर तिच्यावर दाबावी, स्क्रू आवळावेत आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी, म्हणजे आवश्यक तेवढी फट राहते. फट जास्त असेल तर दात सोलले जातात. ती अजिबात नसेल तर दात एकमेकांवर रुततात, मोटरवर कायमचा भार पडतो आणि ती तापू लागते.

उष्णतेचे गणित

मोटर तापण्याचे मूळ तिच्या स्वभावातच आहे. फिरणारी मोटर स्वतःही उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते आणि तोच तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. परंतु गाडी दगडाला अडून मोटर थांबली की हा विरोध नाहीसा होतो, प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता निर्माण होते. याच न्यायाने दोन सेलच्या ७.४ व्होल्टच्या लिथियम पॉलिमर बॅटरीऐवजी तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी जोडली, आणि ईएससीने प्रवाहाला मर्यादा घातली नाही, तर अडलेल्या मोटरमधील उष्णता सव्वादोन पट होते.

यावर पहिला उपाय गिअरच्या प्रमाणात आहे. स्परचे दात ६० आणि पिनियनचे १२ असतील तर त्यांचे प्रमाण ५ होते, गिअरबॉक्सचे २.५ आणि एक्सलचे ३ धरल्यास एकूण प्रमाण ३७.५ येते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर साडेसदतीस वेळा फिरते. पिनियन ११ दातांचे केले तर हे प्रमाण सुमारे ४०.९ होते, गाडीचा वेग थोडा घटतो आणि मोटरवरील ताण हलका होतो. मोठे टायर बसवल्यावर मोटर तापू लागली असेल, तर बहुधा एवढाच बदल पुरतो. मोटरवर तीन-चार सेकंद बोट ठेवता येत नसेल, तर गाडी थांबवून तिला निवू द्यावे. अतिशय तापलेल्या मोटरचे चुंबक दुर्बळ होतात, मग ती मोकळी असताना पूर्वीपेक्षा वेगाने फिरते पण चढणीवर कमी जोर देते, आणि हा विसंगत वाटणारा फरक ती बदलण्याची वेळ आल्याची खूण असतो.

विजेच्या बाजूचे दोष

क्रॉलरमध्ये ब्रशची मोटर अजूनही लोकप्रिय आहे. तिच्यात कार्बनचे दोन तुकडे कम्युटेटर या तांब्याच्या फिरत्या नळीवर टेकून वीज देतात. ते झिजले किंवा तांबे काळे पडले की मोटर हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. अशी मोटर गाडीतून काढून क्षणभर थेट बॅटरीला जोडावी. ती फिरली तर संशय ईएससी आणि तारांकडे वळतो. ब्रशविरहित मोटरला तीन तारा असतात आणि त्यांतील एकीचा डाग सुटला तरी ती जागच्या जागी थरथरते. सेन्सरची बारीक केबल सैल झाली तर मंद गतीत मोटर झटके देत चालते.

सर्वांत फसवा दोष मात्र मोटरशी संबंधित नसतो. चाके दगडात अडकलेली असताना स्टिअरिंग वळवले की चाके वळवणारा सर्व्हो ईएससीकडून रेडिओ रिसीव्हरला मिळणारा विद्युतदाब खाली खेचतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि मोटर थांबते. हाच प्रकार केवळ वळवताना घडत असेल आणि सरळ चालताना घडत नसेल, तर सर्व्होसाठी स्वतंत्र वीजपुरवठा हा योग्य उपाय ठरतो.

काळी वाळू आणि अखेरची चाचणी

गाडी कोणत्या जमिनीवर चालते, यावरही देखभाल अवलंबून असते. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या खनिजाचे बारीक कण असतात आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत ते विपुल सापडतात. ही वाळू मोटरच्या फटींतून आत शिरली की चुंबकांना चिकटून बसते, हवेच्या फवाऱ्यानेही सहज निघत नाही आणि बुशिंगमध्ये खरखर निर्माण करते. त्यात खाऱ्या पाण्याची भर पडली तर बेअरिंग काही दिवसांतच गंजतात, म्हणून समुद्रकाठच्या चढाईनंतर ती काढून स्वच्छ करणे आणि पुन्हा तेल देणे अपरिहार्य ठरते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी मोकळ्या जमिनीवर दहा मिनिटे चालवून मोटर, ईएससी आणि दोन्ही एक्सल हाताने तपासावेत. एखादा भाग अजूनही इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर मूळ भार दूर झालेला नाही आणि शोध तिथूनच पुन्हा सुरू करायला हवा. बदललेला भाग बिघाड झाला होता त्याच चढणीवर, त्याच बॅटरीवर थंड राहिला, तरच बिघाडाचे कारण सापडले असे म्हणता येते.