पूर ओसरला, पण भीतीचे काय?

नैसर्गिक आपत्ती आली की आकडे गोळा होतात. किती घरे पडली, किती जनावरे वाहून गेली, किती हेक्टर पीक बुडाले याचे पंचनामे होतात आणि ते झालेच पाहिजेत. परंतु आपत्तीतून वाचलेल्या माणसाच्या मनात जी भीती घर करून बसते, तिचा पंचनामा कोणी करीत नाही. घरातली माणसेही ‘आता झालं गेलं विसर’ असे म्हणून विषय संपवतात. म्हणूनच या भीतीविषयी समाजबांधवांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हास वाटले.

आम्ही बँकेत लिपिक आहोत. डॉक्टर नाही, मानसशास्त्राचे प्राध्यापकही नाही. मात्र आपत्तीनंतर माणूस ज्या चार-दोन दारांत जाऊन उभा राहतो, त्यांत बँकेचे काउंटर हे एक असते. दि. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव तालुक्यात रात्रभर पाऊस कोसळला. डोंगरी आणि तितूर या नद्यांना महापूर आला, शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला. त्यानंतरचे कित्येक दिवस चिखलाने माखलेली पासबुके आणि एकमेकींना चिकटलेल्या नोटा घेऊन माणसे येत होती. खराब नोटा बदलून देण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, त्याप्रमाणे काम होत होते. पण ‘साहेब, रात्री डोळाच लागत नाही’ असे सांगणाऱ्याला काय द्यावे, हे कोणत्याच परिपत्रकात नव्हते.

एक गृहस्थ दिवसातून तीन-तीन वेळा येऊन अनुदान जमा झाले का, असे विचारीत. आम्ही एकदा त्रासून बोललोही. पुढे कळले, की त्या माणसाला ओल आलेल्या घरात एकट्याने बसवतच नव्हते. खात्यावरची रक्कम हे केवळ निमित्त होते. नदीकाठच्या वस्तीतील एक आजी म्हणाल्या, “पानी वाजनं का मना जीव घाबरस, भाऊ.” आभाळ गरजले की त्या कपड्यांचे गाठोडे बांधून दाराशी बसत. घरचे त्यांना हसत. आम्हाला मात्र हसू आले नाही.

ही भीती म्हणजे काय?

संकटाच्या क्षणी आपले शरीर आपल्याला वाचवण्यासाठी तयार होते. छाती धडधडते, श्वास वाढतो, कान टवकारतात, पाय पळण्याच्या तयारीत असतात. हे वेड नाही आणि भित्रेपणाही नाही. याच तयारीमुळे माणूस मध्यरात्री लेकरू काखोटीला मारून माळावर पोहोचतो. अडचण पुढे येते. पाणी ओसरते, पण शरीराचा तो पहारा लगेच उठत नाही. मग झोप उडते, पत्र्यावर पाऊस वाजला तरी दचकायला होते, तीच दृश्ये स्वप्नात येतात, चिडचिड होते, जेवण जात नाही. मुले आईचा पदर सोडत नाहीत. अंथरूण ओले करणे बंद झालेली मुले पुन्हा करू लागतात. पुरुषमाणसे गप्प होतात, काही दारूकडे वळतात. ‘शेजारच्याची गाय वाहून गेली, माझी कशी वाचली?’ असा अपराधीपणाही काहींना छळतो.

आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत माणसांची सोबत, नेहमीचे काम आणि खरी माहिती मिळत गेली की ते हळूहळू कमी होते. महिना उलटूनही ते कमी झाले नाही, कामधंदा होईना, किंवा ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा माणसाच्या तोंडी आली, तर मात्र ते दुखणे समजावे. ताप आल्यावर जसे डॉक्टरकडे जातो, तसेच जावे. जीव देण्याची भाषा असेल तर महिनाभराची वाट पाहूच नये.

अशा वेळी अंगारा-धुपारा आणि भगताच्या पायऱ्या झिजवण्यात पैसाही जातो आणि मोलाचा वेळही जातो. पूर कोणाच्या कोपाने येत नाही. डोंगरावर थोड्या तासांत फार पाऊस पडतो, नाल्यांचे पात्र बुजलेले असते, म्हणून पाणी वस्तीत शिरते. कारण कळले की निम्मी भीती कमी होते.

प्रत्येक भीती दुखणे नसते

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर पडून हजारो माणसे झोपेतच गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे छताखाली झोपण्याचीच धास्ती बसली. परंतु त्याच किल्लारी परिसरात आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात, लहान धक्के बसत होते आणि लोक घाबरलेले होते. त्या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे शास्त्रज्ञांनाही शक्य नव्हते, हे खरे. तरीही लोकांची ती भीती पोकळ नव्हती, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आपत्तीनंतरची भीती दोन प्रकारची असते. एक शरीरात मागे राहिलेली. ती सोबतीने, वेळेने आणि गरज पडल्यास औषधाने जाते. दुसरी भीती सकारण असते. ज्याचे घर नाल्याच्या काठावर आहे, ज्याच्या धाब्याच्या घराची भिंत फुगली आहे, त्याला पाऊस आल्यावर भीती वाटणारच. ती गोळीने जाणार नाही आणि जाऊही नये. ती जाईल भिंत दुरुस्त झाल्यावर, नाला मोकळा झाल्यावर, किंवा वस्ती वरच्या अंगाला हलल्यावर.

आपल्या वस्त्या अनेक गावांत खालच्या अंगाला, ओढ्याकाठी का आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गावाने जी जागा नको म्हटले ती आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली, आणि पाणी पहिल्यांदा तेथेच येते. अशा वस्तीतील आजी गाठोडे बांधून बसली, तर तिला ‘मनाने खचली’ म्हणून गप्प बसवणे हा अन्याय आहे. आधी विचारावे, की आजी, पाणी कोठवर आले होते?

आपण काय करू शकतो?

१. ऐकावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत सांगितली. तिचे सार तीन शब्दांत येते : पाहा, ऐका, जोडून द्या. माणसाची गरज पाहा, तो बोलेल ते ऐका आणि मदत जेथे मिळते तेथे त्याला पोहोचवा. मात्र खोदून खोदून ‘काय झाले ते सांग’ असे विचारू नये. त्याने जखम पुन्हा उघडते.

२. खरी माहिती द्यावी. ‘धरण फुटले’ ही आवई पुरानंतर फार लवकर पसरते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. त्यांतले काही उघडले म्हणजे धरण फुटले असे नव्हे. अक्कलपाड्यातून पाणी सोडले की पांझरा वाढते आणि धुळ्यात काठावरच्यांनी सावध व्हावे लागते. कोणत्या विसर्गाला आपल्या वस्तीपर्यंत किती पाणी येते, हे पावसाळ्यापूर्वीच तहसील कार्यालय व पाटबंधारे खात्याकडून विचारून घ्यावे आणि विहाराच्या फळ्यावर लिहावे.

३. नेहमीचा दिवस परत आणावा. शाळा भरत नसेल तर विहारात मुलांना सकाळी दोन तास बसवावे, चित्रे काढू द्यावीत, खेळू द्यावे. मोठ्यांना चिखल काढण्याचे, स्वयंपाकाचे, यादी करण्याचे काम द्यावे. हाताला काम मिळाले की मन थोडे सावरते.

४. एकट्यांची यादी करावी. विधवा, वृद्ध, अपंग, ज्यांची जनावरे गेली ते. त्यांच्याकडे महिनाभर कोणीतरी रोज जाऊन यावे.

५. वैद्यकीय मदत घ्यावी. शासकीय जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते.

६. सकारण भीतीसाठी अर्ज करावा. नदीची निळी व लाल पूररेषा आखलेली असते. आपली वस्ती तिच्या आत आहे का, हे लेखी विचारावे. ग्रामसभेत ठराव मांडावा, त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. आमच्या अनुभवाने सांगतो, पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

त्या आजी पुढेही पेन्शनसाठी येत राहिल्या. वस्तीतील तरुणांनी पावसाळ्यात रात्री पाळीने जागायचे ठरवले, पाणी वाढले तर घरोघर जाऊन उठवायचे असा नेम केला. एका पावसाळ्यात आम्ही त्यांना विचारले, “आजी, आता झोप लागते का?” त्या म्हणाल्या, पोरं जागी असली की लागते.

गाठोडे मात्र अजून दाराशीच असते, असेही त्यांनी सांगितले. वस्ती अजून तेथेच आहे, तोवर ते तेथेच असलेले बरे. पोरांनी रात्री जागावे हे आपल्या हातात आहे आणि ते आपण केलेच पाहिजे. पण आजींचे गाठोडे उघडून कपडे पुन्हा दांडीवर जावेत, यासाठी कागदावरची लढाईही आपल्यालाच लढायची आहे.