हिवाळ्यातील अरुंद रस्ते आणि सायकलस्वार

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपल्या गावात थट्टेने म्हणतात, आणि थट्टा असली तरी ऐकणारा मनातून थोडा सुखावतोच. त्या जर्मनीत हिवाळ्यात बर्फ पडला म्हणजे बर्फ लोटणाऱ्या गाड्या तो रस्त्याच्या मधून काढून दोन्ही कडांना सारतात. रस्ता मोकळा होतो खरा, पण अरुंद होतो. कडेला बर्फाचा बांध, बांधाला लागून उभ्या मोटारी, आणि उरलेल्या पट्टीतून बस, मोटार व सायकल या तिघींनी आपापली वाट काढायची. ज्या कडेने सायकलस्वार वर्षभर जातो ती कडच त्या दिवसांत नाहीशी झालेली असते.

आता चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात, व्याख्यानास येताना हातात पंखा घेऊन आलेल्या मंडळींना बर्फाच्या गोष्टी सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, बर्फ पडत नसला तरी परभणी जिल्ह्यातील रस्तेही हिवाळ्यातच अरुंद होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास खेड्याकडच्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत पडते आणि रस्ता निम्मा होतो. पुढे कापूस निघतो. मानवत, सेलूकडे किंवा परभणीच्या बाजारात कापसाने भरलेले वाहन ज्याने पाहिले आहे त्याला सांगावयास नको की, त्याच्या साट्याची रुंदी आणि वरच्या कापसाची रुंदी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. जिनिंगच्या दारापासून अशा वाहनांची रांग लागली म्हणजे रस्त्याचा एक पदर गेलाच. तोवर उसाचा गाळप हंगाम सुरू होतो आणि तो साधारणतः मार्चपर्यंत चालतो. एका ट्रॅक्टरामागे दोन दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस, आणि मागे दिवा असलाच तर उसात झाकलेला. शेवटी फेब्रुवारीच्या २ तारखेपासून हजरत तुराबुल हक साहेबांचा उरूस. त्या दिवसांत दर्ग्याच्या वाटेवर माणसाला चालावयास जागा पुरत नाही, तेथे चाकाची काय कथा!

यावर भर म्हणून दिवस लहान. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येतो हे शाळेत शिकवितात. परंतु सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. परभणीस सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास, पावणेसहाच्या आसपास. आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यास, सुमारे सात वाजता. म्हणजे संक्रांत झाली, दिवस मोठा होऊ लागला, असे आपण म्हणत असतो त्याच आठवड्यात सकाळच्या शाळेला निघालेली मुले काळोखात सायकल काढीत असतात. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठच्या गावी तर पुष्कळदा धुकेही असते.

हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो या मुलांमुळे. मोटार आणि मोटारसायकल घरोघर झाल्यापासून सायकल ही गरिबाची आणि विद्यार्थ्याची राहिली आहे. दूध घालणारा, पेपर टाकणारा, बांधकामावर जाणारा मजूर, आणि शाळेतल्या मुली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या, त्यामुळे पाचवी-सातवीत सुटणारी कितीतरी शिक्षणे पुढे चालली. आम्ही त्या योजनेचे मनापासून स्वागत करतो. पण सायकल दिली, रस्ता मात्र उसाच्या ट्रॉलीबरोबर वाटून घ्यावयाचा! काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक दहावीतला मुलगा शिकवणीहून परतताना, रस्त्यात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता, सायकललाही नव्हता. उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि मार्चची परीक्षा बुडाली. जीव वाचला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. त्या पेढ्याची चव आम्ही विसरलेलो नाही.

घरातली वडील मंडळी मुलास काय सांगतात? “कडेकडेने जा.” हा उपदेश रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे. अरुंद झालेल्या रस्त्यावर मात्र तोच घात करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे नीट पाहिली पाहिजेत.

आपल्याकडच्या रस्त्याची कड म्हणजे काय असते? डांबर संपते तेथे साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. आपली जमीन काळी, पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा मुरूम टिकत नाही. सायकलचे चाक डांबरावरून खाली घसरले की माणूस घाबरून लगेच हॅण्डल वळवून वर येऊ पाहतो. चाक डांबराच्या कडेला समांतर घासते, वर चढत नाही, आणि शरीर मात्र रस्त्याच्या बाजूस झुकलेले असते. परिणामी सायकलस्वार पडतो तो नेमका रस्त्याच्या मध्याकडे, मागून येणाऱ्या वाहनापुढे. चाक खाली गेलेच, तर तसेच सरळ जाऊ द्यावे, वेग मरू द्यावा, उतरावे, आणि सायकल उचलून वर घ्यावी. यात दहा सेकंद जातात.

दुसरे कारण असे. जो कडेला चिकटून जातो तो मागच्या चालकाला ‘येथून निघता येईल’ असे न बोलता सांगत असतो. सायकलच्या हॅण्डलची रुंदी सुमारे दोन फूट. तोल सांभाळताना ती थोडी डावी-उजवीकडे होणारच. म्हणजे सायकलला निदान सव्वा मीटर जागा लागते. समोरून कापसाचे वाहन, डावीकडे उभा टेम्पो, आणि मधली फट सायकल व मोटार यांना मिळून पुरणारी नाही, असे असताना सायकलस्वार अंग चोरतो आणि मोटारवाला शिरतो. अशा ठिकाणी अंग चोरू नये. फट येण्याच्या बरेच आधी मागे वळून पाहावे, उजवा हात दाखवावा, आणि आपल्या लेनच्या मधोमध सरळ रेषेत यावे. फट ओलांडली की पुन्हा डावीकडे होऊन मागच्याला वाट द्यावी. चार हॉर्न ऐकावे लागतील, ऐकावे. ज्याला आपण दिसलो म्हणून तो हॉर्न वाजवितो, त्याच्यापासून भय कमी. भय त्याचे, ज्याला आपण दिसलोच नाही.

मात्र मागून एस.टी. किंवा भरलेली ट्रॉली वेगात येत असेल तर हा हट्ट धरू नये. भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर मनात आणले तरी चटकन थांबत नाही. तेव्हा फटीच्या आधीच डावीकडे उतरून उभे राहावे. सायकलवरून उतरण्यात कमीपणा मानणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. आमचे एक स्नेही तर रेल्वेच्या फाटकावरही उतरत नसत. दवाने ओल्या झालेल्या रुळावर तिरके चाक घातल्यावर एकदा उतरले, पण डोक्यावर. रूळ ओलांडावयाचा तो काटकोनात, आणि ओला असेल तर चालत.

दुहेरी ट्रॉलीविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलाला खडूने जमिनीवर काढून दाखवावी इतकी महत्त्वाची आहे. ट्रॅक्टर चौकात डावीकडे वळतो तेव्हा त्याच्या मागची ट्रॉली ट्रॅक्टराच्या चाकोरीतून जात नाही. ती आतल्या बाजूने, म्हणजे कोपऱ्याच्या अधिक जवळून जाते. दुसरी ट्रॉली पहिलीच्याही आतून जाते. ट्रॅक्टर पुढे गेला, जागा भरपूर आहे, असे समजून जो त्याच्या डाव्या अंगाला कोपऱ्यात थांबतो, त्याच्या अंगावर शेवटचे चाक येते. चालकाला तो दिसतही नाही, कारण मध्ये उसाची भिंत असते. म्हणून चौक जवळ आला की ट्रॉलीच्या डावीकडे असू नये. मागेच राहावे, आणि मागेही चांगले दहा पावले अंतर ठेवून, कारण ऊस निसटून पडतो.

पडलेल्या उसाचे आणि सांडलेल्या धान्याचे प्रकरण आमच्या स्वतःच्या गुडघ्यावर लिहिलेले आहे. सोयाबीनचा दाणा वाटोळा, कोरडा व टणक. चाकाखाली तो गोळीसारखा फिरतो. टायर आणि डांबर यांची गाठच पडत नाही. बर्फावर जे होते तेच. कोरड्या डांबरावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ब्रेक दाबल्यावर तीनएक मीटरमध्ये उभी राहते. पण धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात चार मीटर मागे पडलेले असतात. एकूण सात मीटर झाले. दाण्यांवर किंवा चिरडलेल्या उसाच्या चिकट चोथ्यावर तेच अंतर दुप्पट-तिप्पट होते. आणि तेथे पुढचा ब्रेक आवळला की पुढचे चाक बाजूला निसटते, माणूस सावरूच शकत नाही. एरवी पुढचा ब्रेक हाच खरा थांबविणारा. निसरड्यावर मात्र त्याला हात लावू नये. वेग आधीच कमी करावा, दाण्यावर गेल्यावर ना ब्रेक ना वळण, हॅण्डल सैल पण सरळ धरून पलीकडे निघून जावे. आम्ही त्या दिवशी दोन्ही ब्रेक एकदम दाबले होते. ज्यांचे सोयाबीन होते त्या म्हातारबुवांनी आम्हांस उठविले, हळद लावली, आणि दाणे पुन्हा सारखे पसरले. त्यांच्यावर रागावता येईना. खळे करावयास जागा नाही, मळणी झालेला माल ओला, आणि रस्ता तेवढा कोरडा व गरम. त्यांनी तरी काय करावे? पण दोन्ही टोकांना मोठे दगड ठेवण्याची जी चाल आहे ती सोडलीच पाहिजे. माल उचलला जातो आणि दगड रात्रीसाठी तेथेच राहतात. बंद पडलेल्या ट्रॉलीभोवतीच्या दगडांचेही असेच.

दिसण्याविषयी थोडे. पूर्वी सायकलला दिवा नसेल तर पोलीस हटकत, त्यामुळे डायनॅमो नसला तरी लोक कंदील टांगीत. ती धास्ती गेली आणि दिवाही गेला. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीला थांबावयास पाऊणशे ते शंभर फूट लागतात. आणि काळे जाकीट घातलेला माणूस डिपरच्या उजेडात जेमतेम तेवढ्याच अंतरावरून दिसू लागतो. म्हणजे हिशेब तुटीचा. मागच्या मडगार्डवरचा लाल परावर्तक चांगला, पण तो स्वतः प्रकाशत नाही. समोरच्याचा दिवा त्याच्यावर पडला तरच चमकतो, आणि धुळीने माखला तर तेव्हाही नाही. म्हणून मागे सेलवरचा लाल दिवा हवाच. स्वेटरवर पांढरा सदरा चढविला तर दिसावयास विचित्र, पण दुरून दिसतो. पायडलवरचे पिवळे परावर्तक काढून टाकू नयेत. ते वरखाली हलतात, आणि हलणारा ठिपका डोळा लवकर टिपतो. कानांवर मफलर गुंडाळला की मागचा आवाज मेला, हे लक्षात ठेवून मान अधिक वेळा वळवावी. मफलरचे टोक आणि मुलींची ओढणी आत खोचलेली असावी. चाकात किंवा साखळीत अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते.

ट्रॉलीला मागे लाल परावर्तक असावेत असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. हंगाम सुरू झाला की ते लावण्याच्या मोहिमा निघतात, छायाचित्रेही येतात. पण उसाची मोळी खाली लोंबली की परावर्तक तिच्याआड जातो. तो उसाच्या मागे, लोंबत्या कापडावर बांधला तर दिसेल. कारखान्याच्या काट्यावर वजन करताना एवढे पाहून घेणे कठीण नाही, आणि ऊस घालणारे शेतकरी आपल्याच घरातले आहेत. ते मनावर घेतील तर हे एका हंगामात होईल.

फिनलंडच्या उत्तरेकडे औलू नावाचे शहर आहे. तेथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो, तरी मुले सायकलने शाळेत जातात. २०१३ साली हिवाळ्यातील सायकलप्रवासावर पहिली जागतिक परिषद भरली ती त्याच शहरात. तिकडची माणसे आपल्याहून काटक आहेत असे नव्हे. तेथे सायकलींच्या वाटा निराळ्या आहेत आणि बर्फ पडला की त्या साफ करण्याचे काम लांबणीवर टाकीत नाहीत. परभणीत २०११ साली महानगरपालिका झाली. वसमत रोड, जिंतूर रोड येथे नवी वाट काढणे खर्चाचे आहे हे आम्ही जाणतो. पण गाळपाच्या दिवसांत सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी पाच ते सात या वेळांत भरल्या ट्रॉल्या गावाबाहेर थोपविणे, आणि शाळांच्या वाटेवरचे दिवे सूर्योदयापर्यंत चालू ठेवणे, याला खर्च फारसा नाही. जानेवारीत सूर्य सातला उगवतो आणि दिवे त्याआधीच मालवलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत.

उरसाच्या दिवसांत काय करावे, असे काही जणांनी विचारले. त्या गर्दीत वर सांगितलेले काहीच लागू पडत नाही. आम्ही स्वतः सायकल अलीकडेच एखाद्या ओळखीच्या दुकानात लावतो आणि पुढे पायी जातो. येताना मुलांसाठी मिठाईचा पुडा असतो, तो कॅरिअरला घट्ट बांधतो, हॅण्डलला अडकवीत नाही.