उंची संपल्यावरचा बांबू

बांबू किती झपाट्याने वाढतो, हे सगळेच कौतुकाने सांगतात. लाखांदुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी मुलांना म्हणते, उंची संपल्यावर त्याच्या आत काय सुरू होतं ते बघा.

पावसाळ्यात बांबूच्या बेटातून वास्ता, म्हणजे नवा कोंब, वर येतो, तो आपला घेर घेऊनच. सागासारखा खोड रुंदावणारा थर बांबूत नसतो. दोन-चार महिन्यांत उंची गाठली की पुढे तो ना वाढतो, ना जाडावतो. पण तेव्हा तो पाण्याने भरलेला, लिबलिबीत असतो. खरी ताकद नंतर पेशींच्या भिंतींत येते.

आपल्याकडच्या मानवेलाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ठिपक्यांचे पुंजके दिसतात, सालीकडे दाट, आत विरळ. प्रत्येक पुंजक्यात पाणी-अन्नाच्या नळ्या आणि त्यांना बिलगलेले लांब तंतू. कोवळ्या बांबूच्या तंतूत मधली पोकळी ऐसपैस असते. तीन वर्षांच्या बांबूत तिथे जेमतेम भोक उरतं. पेशी बाहेरून फुगत नाही. तिच्यातला जिवंत रस भिंतीला आतून थरावर थर चढवत जातो आणि लिग्निन नावाचं द्रव्य ते घट्ट करतं.

हॅम्बुर्गच्या परमेश्वरन आणि वॉल्टर लीझे यांनी १९७६ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे थर दाखवले. एक रुंद, एक अरुंद, असे आलटून पालटून. रुंद थरात सेल्युलोजचे धागे जवळजवळ उभे, अरुंद थरात आडवे. लिग्निन अरुंद थरांत जास्त. टोपलीच्या विणीतल्या उभ्या-आडव्या कामट्यांसारखीच ही रचना. म्हणून तर बांबू वाकतो, पण सहजी मोडत नाही. लाकडाच्या तंतूत असे ठळक थर बहुधा तीनच.

बांबू किती भरलाय, हे आमचे बुरड हाताने ओळखतात. सुपासाठी हिरवा, कोवळा बांबू. छपरासाठी तीन वर्षं पाहिलेला. पहिल्या वर्षीच्या बांबूवर पांढुरकी भुकटी आणि कागदी आवरणं असतात, जुन्याची साल फिकी, डागाळलेली. सगळं बेट सपाट कापणाऱ्याचा मला राग येतो; अर्धवट भरलेल्या भिंतीही तो बाजारात नेतो. उन्हाळ्यातली तोडही वाईट, कारण नव्या वास्त्यांसाठी साठवलेला स्टार्च तेव्हा भरपूर असतो आणि तोच खायला भुंगे येतात. पावसाळा सरल्यावर तो कमी असतो.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळाला. कोणता तोडायचा आणि कोणता राखायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवते.