चूर्ण रात्री, कॉफी सकाळी

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीतही जुनाट मलावरोधावर आधी आठवतो तो त्रिफळा: हिरडा, बेहडा, आवळा. सोबत कॉफी चालेल का? कॉफी स्वतःच आतड्यांना चालना देते. ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९०च्या अभ्यासात काहींच्या मोठ्या आतड्याची हालचाल कॉफीनंतर ४ मिनिटांतच वाढली. कॅफीन काढलेल्या कॉफीनंही. मग गुण चूर्णाचा की कपाचा, हे ओळखणं अवघड. औषधाचा परिणाम जोखायचा तर कॉफी रोज तेवढीच, त्याच वेळी घ्या. इसबगोल मात्र पेलाभर पाण्याबरोबरच; कमी पाण्यात तो घशात अडकू शकतो. सोनामुखी असलेली चूर्णं वैद्यांना न विचारता महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं, त्यानं शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं. शौचातून रक्त गेलं किंवा वजन विनाकारण उतरलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.