वस्तूच्या जन्मापासूनचा जमाखर्च

या अहवालाच्या अखेरीस, प्रथेप्रमाणे, न्यासाचा लेखापरीक्षित ताळेबंद जोडलेला आहे. आपण दिलेला रुपया कोठे व कसा खर्ची पडला, हे त्यावरून कोणाही देणगीदारास पडताळून पाहता येते. परंतु रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आणखीही एक जमाखर्च असतो. ती कशापासून बनली, बनवताना किती कोळसा जळला, किती पाणी लागले, वापरताना काय खर्ची पडले आणि टाकून दिल्यावर तिचे काय झाले, याची नोंद आपल्या कोणत्याही खतावणीत नसते. हा खर्च कोणी ना कोणी भरतोच. तो आपल्या दारात भरला जात नाही, एवढ्यामुळेच तो आपल्याला दिसत नाही.

हा विषय या पानांवर मांडण्यास दोन प्रस्ताव निमित्त झाले. एका हितचिंतकांनी शस्त्रक्रियागृहासाठी एकदाच वापरून टाकण्याचे, म्हणजे डिस्पोजेबल, गाऊन व चादरी वर्षभर पुरवण्याची तयारी दर्शवली. दुसऱ्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देऊ केली आणि ती गच्चीवरील सौरसंचासाठी वापरावी की नव्या डिझेल जनरेटरसाठी, अशी पृच्छा केली. दोन्ही प्रस्तावांमागील सद्भावना निर्विवाद आहे. तथापि उत्तर देण्यापूर्वी वस्तूंचा हा दुसरा जमाखर्च तपासणे आम्हांस आवश्यक वाटले. तो कसा तपासतात आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जीवनचक्र मूल्यमापन म्हणजे काय?

या तपासणीला जीवनचक्र मूल्यमापन असे नाव आहे. तिची सुरुवात रुग्णालयात नव्हे, तर शीतपेयांच्या व्यवसायात झाली. १९६९ साली कोका-कोला कंपनीने आपल्या पेयासाठी कोणत्या प्रकारचे भांडे निसर्गावर कमी भार टाकते, याचा अभ्यास अमेरिकेतील एका संशोधन संस्थेकडून करवून घेतला. पुढे ही पद्धत विकसित होत गेली आणि १९९७ साली आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकाने तिला शिस्त लावली. २००६ साली या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली.

या पद्धतीच्या चार पायऱ्या आहेत. प्रथम प्रश्न नेमका करावयाचा व हिशेबाची हद्द ठरवावयाची. नंतर कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट या प्रत्येक टप्प्यावर काय आत आले व काय बाहेर पडले, याची यादी करावयाची. तिसऱ्या पायरीवर त्या यादीतील आकड्यांचा हवा, पाणी, जमीन व माणसाचे आरोग्य यांवर काय परिणाम होतो, ते मोजावयाचे. शेवटी या सर्वांचा अर्थ लावावयाचा.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलना वस्तूंची नसून कामाची असते. एक कापडी गाऊन आणि एक डिस्पोजेबल गाऊन समोरासमोर ठेवले, तर कापडी गाऊन नक्कीच जड ठरेल. त्यात सूत अधिक आहे आणि धुण्याचा खर्चही आहे. परंतु खरा प्रश्न ‘पन्नास शस्त्रक्रियांसाठी काय लागेल?’ हा आहे. मग एका बाजूला एक गाऊन व त्याच्या पन्नास धुलाया येतात, तर दुसऱ्या बाजूला पन्नास गाऊन. प्रश्न असा बदलला की उत्तरही बदलू लागते.

गाऊनचा हिशेब

डिस्पोजेबल गाऊनचे मूळ बहुधा पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये असते. एक-दोन तासांच्या वापरानंतर तो पिवळ्या पिशवीत जातो. आपल्या देशातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार या पिशवीतील कचरा प्रामुख्याने भट्टीत जाळला जातो. म्हणजे खनिज तेलापासून बनलेली वस्तू धूर होऊनच संपते.

अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या दोन्ही प्रकारच्या गाऊनची जन्मापासून अंतापर्यंत तुलना करण्यात आली. धुऊन पुन्हा वापरल्या जाणाऱ्या गाऊनमुळे ऊर्जा सुमारे ६४ टक्के, हरितगृह वायू ६६ टक्के, पाणी ८३ टक्के आणि घनकचरा ८४ टक्के कमी लागतो वा निघतो, असे त्यात आढळले. धुलाईचे पाणी व तापवण्याची ऊर्जा जमेस धरूनही हा फरक राहतो, कारण प्रत्येक वेळी नवा गाऊन बनवण्यात धुण्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा व पाणी खर्च होते.

हे आकडे वाचून आम्हांस समाधान वाटले, परंतु ते जसेच्या तसे सोलापुरास लावता येणार नाहीत. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पाण्याचे. डिस्पोजेबल गाऊनसाठी लागणारे पाणी जेथे तो बनतो तेथील असते. धुलाईचे पाणी मात्र आपल्या गावचे असते. सोलापूर शहर भीमेवरील उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने पाणी आणते. नळाला काही दिवसांआड येणारे पाणी ही सोलापूरकरांच्या पिढ्यांना परिचित असलेली गोष्ट आहे. येथे एक बादली पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, तर ते इतक्या दूरवरून उपसून आणण्यासाठी लागलेली वीजही आहे. म्हणून धुलाई विभागात शेवटच्या विसळणीचे पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्यास वापरणे, यंत्र पूर्ण भरल्याखेरीज न चालवणे आणि पाणी सौरबंबावर तापवणे, या साध्या गोष्टींना आपल्याकडे विशेष मोल आहे. वाळवण्याच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. परदेशी अभ्यासांत वाळवणी यंत्राची वीज हिशेबात धरावी लागते. सोलापूरचे ऊन ते काम वर्षातील बहुतेक दिवस विनामूल्य करते.

दुसरे कारण कापडाचे. वरील अभ्यासातील गाऊन घट्ट विणीच्या पॉलिएस्टरचे होते. आपल्या गावाची ओळख चादरी व टॉवेल यांची, त्यामुळे सुती कापडाकडे आपला ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु सूत म्हणजे आपोआप निर्मळ, असे म्हणता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. गाऊनचा खरा जमाखर्च मांडताना त्या शेतापासूनच आरंभ करावा लागतो. याउलट विदर्भ-मराठवाड्यातील बराचसा कापूस पावसावर वाढतो, ही त्याची जमेची बाजू. कालव्याच्या पाण्यावरील कापसाइतका त्याचा जलभार नसतो. सुती गाऊन जितका जास्त काळ टिकेल, तितका त्या कापसाचा भार अधिक शस्त्रक्रियांत वाटला जातो. यास्तव खरेदीच्या वेळी आम्ही किमतीआधी विणीचा कस व धुलाईतील टिकाऊपणा पाहतो, आणि फाटलेला गाऊन टाकण्यापूर्वी शिवणयंत्राकडे पाठवतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण रुग्णाच्या सुरक्षिततेचे. साधे सुती कापड ओले झाले की रोधक राहत नाही. ज्या शस्त्रक्रियेत रक्त वा द्रव अधिक वाहतो, तेथे द्रवरोधक वस्त्रच हवे. ते धुण्याजोगे असो वा डिस्पोजेबल, त्यात तडजोड नाही. अन्यत्र धुतलेले व निर्जंतुक केलेले कापडी गाऊन वापरावेत, असा आमचा निर्णय झाला. रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही विश्वासाने सांगू इच्छितो की हे गाऊन केवळ धुतलेले नसतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत ठरलेला वेळ ठेवून, निर्जंतुकतेची खूण तपासूनच ते शस्त्रक्रियागृहात जातात. आमच्या त्या हितचिंतकांनीही हे समजून घेतले आणि आपली देणगी द्रवरोधक वस्त्रे व नवे सौरबंब यांसाठी वळवण्यास आनंदाने संमती दिली.

विजेचा हिशेब

सौरसंच चालताना धूर निघत नाही, हे सर्वांना दिसते. परंतु तो बनवताना वाळू वितळवून सिलिकॉन शुद्ध करावे लागते, काच व ॲल्युमिनियम लागते, आणि जगातील बहुतांश पॅनेल ज्या चीनमध्ये बनतात तेथील वीज मोठ्या प्रमाणावर कोळशाचीच आहे. मग हा केवळ धूर येथून तेथे हलवण्याचा प्रकार तर नव्हे, अशी शंका एका विश्वस्तांनी उपस्थित केली. ती रास्त होती.

जीवनचक्र मूल्यमापन या शंकेचे स्पष्ट उत्तर देते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञगटाने २०१४ साली जगभरातील असे अभ्यास एकत्र केले. त्यांच्या मध्यमानानुसार, एक युनिट विजेमागे छतावरील सौरसंच आपल्या संपूर्ण आयुष्यात सुमारे ४१ ग्रॅम, तर कोळशाची वीज सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका भार टाकते. पॅनेल बनवताना खर्च झालेली ऊर्जा आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात सर्वसाधारणपणे एक-दीड वर्षात भरून निघते आणि पॅनेल २५ वर्षे चालते.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र २०१७ ते २०१९ या काळात कार्यान्वित झाले. त्यामुळे कोळशाची वीज ही आता आपल्यासाठी दूरची गोष्ट राहिलेली नाही. तिच्या जमाखर्चात खाणीपासूनची रेल्वे वाहतूक, राख आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी हे सर्व येते. सौरसंचाला पाणी लागते ते केवळ धूळ पुसण्यापुरते.

उदाहरणादाखल, १० किलोवॉटचा संच घेऊ. त्यास सुमारे एक हजार चौरस फूट गच्ची लागते आणि तो वर्षास साधारणतः १४ हजार युनिट वीज देतो. वरील मध्यमानांनी हिशेब केल्यास तेवढी कोळशाची वीज टाळल्याने वर्षास सुमारे ११ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो.

डिझेल जनरेटरचे काय? एक लिटर डिझेलपासून तीन-साडेतीन युनिट वीज मिळते आणि ते जळताना सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे तेल काढणे, शुद्ध करणे व आणणे सोडूनही, एका युनिटमागे पाऊण किलोहून अधिक. शिवाय त्याचा धूर वॉर्डाच्या खिडकीशीच सुटतो. तरीही जनरेटर काढून टाकता येणार नाही. मध्यरात्री वीज गेली असता अतिदक्षता विभागातील श्वासयंत्र सूर्योदयाची वाट पाहू शकत नाही. प्रश्न जनरेटर असावा की नसावा हा नसून त्यास कमीत कमी वेळ चालवावे लागेल अशी व्यवस्था करण्याचा आहे. म्हणून त्या कुटुंबाची देणगी सौरसंचाकडे वळवावी आणि सध्याच्या जनरेटरची केवळ दुरुस्ती करावी, असे ठरले.

बॅटरीबाबत मात्र सावधगिरी हवी. शिशाची जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती गेली आणि उघड्यावर वितळवली गेली, तर तिचे शिसे त्या वस्तीतील लहान मुलांच्या रक्तात उतरते व त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटवते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्प्रक्रिया ही उत्पादकाची जबाबदारी आहे. जुनी बॅटरी परत घेण्याची हमी लेखी मिळाल्याखेरीज नवी घ्यावयाची नाही, असा दंडक आम्ही खरेदी समितीस घालून दिला आहे.

न दिसणारा वायू

काही वेळा सर्वांत मोठा भार डोळ्यांना दिसणारच नाही अशा ठिकाणी असतो. भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेस्फ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २,५०० पट उष्णता धरून ठेवतो. सेव्होफ्लुरेनचा भार त्या मानाने फारच कमी आहे आणि बहुसंख्य रुग्णांना तो तितकाच चालतो. स्कॉटलंडने २०२३ साली आपल्या सरकारी रुग्णालयांतून डेस्फ्लुरेनचा वापर थांबवला. येथे नवे यंत्र नको, देणगीही नको. भूलतज्ज्ञाने बाटली निवडताना केलेला विचार पुरेसा आहे.

आपल्याच देशातील उदाहरण

अशा काटकसरीने उपचाराचा दर्जा उणावतो काय? याचे उत्तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दिले आहे. डॉ. जी. व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या या संस्थेतील मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे जीवनचक्र मूल्यमापन २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथील एका शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार आढळला. ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेच्या तो सुमारे विसावा हिस्सा होता. कचरा भरला अवघा पाव किलो. तरीही संसर्गाचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णालयांपेक्षा अधिक नव्हते. गरिबांना परवडावे म्हणून जी शिस्त लावली, तीच निसर्गालाही परवडली.

आपणांस विनंती

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आकडे बहुधा परदेशातील कारखान्यांचे असतात. अभ्यास कोणाच्या खर्चाने झाला, हेही पाहावे लागते. पाणी वाचवावे की कोळसा, असा पेच पडला तर आकडा निर्णय देत नाही. तो आपल्यालाच घ्यावा लागतो. तरीसुद्धा योग्य प्रश्न विचारण्याची सवय या पद्धतीने लागते, आणि हा लाभ लहान नव्हे.

रुग्णालय हे रोग बरे करण्यासाठी असते. आपल्या खरेदीमुळे दुसऱ्या कोणा वस्तीत, कोणा शेतावर, कोणा खाणीशेजारी नवा रोगी तयार होत असेल, तर आपल्या सेवेचे पुण्य तेवढे उणे झाले, असे आम्ही मानतो. म्हणून देणगीदार बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे की, वस्तुरूपाने काही देण्यापूर्वी एकदा कार्यालयाशी बोलावे. ती वस्तू किती वर्षे चालेल, चालवण्यास काय लागेल आणि संपल्यावर कोठे जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण मिळून शोधू. आजवर आपण रुपयाचा हिशेब आमच्याकडून विश्वासाने स्वीकारलात. या दुसऱ्या जमाखर्चातही आपले असेच सहकार्य लाभावे, हीच प्रार्थना.