परैचा आवाज सभागृहात नेणारे लोकगायक के. ए. गुणशेखरन

तमिळ लोकसंगीताला चळवळीत आणि विद्यापीठात मानाचे स्थान मिळवून देणारे गायक, नाटककार व संशोधक डॉ. के. ए. गुणशेखरन यांचे १७ जानेवारी २०१६ रोजी निधन झाले. महाराष्ट्रातील आंबेडकरी शाहिरांच्या परंपरेशी नाते सांगणारी त्यांची कारकीर्द मराठी वाचकांना मात्र फारशी परिचित नाही.

गुणशेखरन यांचा जन्म १९५५ साली आजच्या शिवगंगा जिल्ह्यातील मारंदै या गावी दलित कुटुंबात झाला. गावात पावलोपावली जातीची जाणीव करून दिली जात असे. जवळच्या इळैयान्गुडीतील मुस्लीम वस्तीत मात्र आपुलकीची वागणूक मिळे. या दोन अनुभवांतील अंतर त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवले.

तमिळनाडूत लोकसंगीत आणि जात यांचा संबंध ‘परै’ या वाद्यावरून स्पष्ट होतो. आपल्याकडील हलगीप्रमाणेच हे चामड्याचे वाद्य विस्तवावर शेकून, काड्यांनी वाजवले जाते. अंत्ययात्रेत ते वाजवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीवर लादले गेले आणि वादकाबरोबर वाद्यही अशुद्ध ठरले. चेन्नईच्या संगीत सभांमध्ये कर्नाटक संगीताला जी प्रतिष्ठा लाभली, ती या वाद्याच्या वाट्याला आली नाही. हीच उपेक्षित कला गुणशेखरन यांनी अभिमानाने मंचावर आणली.

डाव्या चळवळीच्या सभांमधून त्यांचा आवाज सर्वदूर पोहोचला. आपणही माणसेच आहोत असे ठणकावून सांगणारे ‘मनुसंगडा’ हे गीत त्यांच्या गायनामुळे घराघरांत गेले. त्याचे कवी इन्कुलाब हे चेन्नईच्या दक्षिणेस, तांबरमपलीकडील उरपाक्कम येथे राहत असत. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले होते. त्या हत्याकांडाच्या स्मृतीशी हे गीत कायमचे जोडले गेले आहे.

गायनाबरोबरच गुणशेखरन यांनी लोककलांचे संशोधन केले. पुदुच्चेरी विद्यापीठात त्यांनी नाट्यकलेचे अध्यापन केले, तसेच चेन्नईतील आंतरराष्ट्रीय तमिळ अध्ययन संस्थेचे संचालकपदही भूषवले. त्यांचे ‘बलि आडुगळ’ हे नाटक तमिळ दलित रंगभूमीच्या आरंभीच्या नाटकांत गणले जाते.

१९९० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने तमिळमध्ये दलित साहित्याला बहर आला. मराठी व कन्नड दलित साहित्याची भाषांतरे ही त्यामागील एक प्रेरणा होती. मराठीत दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले होते. गुणशेखरन यांचे ‘वडु’, म्हणजे जखमेचा व्रण, २००५ साली प्रसिद्ध झाले. तमिळमधील पहिल्या दलित आत्मकथनांत त्याची गणना होते.

गुणशेखरन यांच्यामागोमाग डिसेंबर २०१६ मध्ये इन्कुलाबही निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर जाहीर झालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कुटुंबीयांनी नाकारला. त्याच वर्षी दिग्दर्शक अंशन कुमार यांचा ‘मनुसंगडा’ हा चित्रपट आला. दलिताच्या अंत्ययात्रेला सार्वजनिक वाट नाकारली जाते, अशी त्याची कथा आहे. गायक आणि कवी दोघेही गेल्यावर त्यांच्या गीताचे नाव पुन्हा वापरावे लागले, यातच त्या गीताचे आजचे महत्त्व दिसून येते.